प्लेट बसली, आता शुगर सांभाळा

हाड मोडलं आणि ऑपरेशन ठरलं की नातेवाईकांचे प्रश्न ठरलेले असतात. प्लेट टायटॅनियमची की स्टीलची? नंतर काढावी लागेल का? किती दिवसांत चालता येईल? प्रश्न रास्तच आहेत. पैसा आपला आणि माणूसही आपला. पण पेशंटला मधुमेह असेल, तर पुढचं सगळं ज्याच्यावर अवलंबून आहे तो प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो: आज शुगर किती आहे, आणि घरी गेल्यावरचे दोन-तीन महिने ती कोण बघणार?

ज्यांच्या घरात मधुमेहाचं माणूस आहे, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. टाके घातले आणि ड्रेसिंग झालं म्हणजे जखमेचा उपचार झाला, असं धरून चालू नका. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणं हाही त्याच जखमेचा उपचार आहे, आणि त्याचा मोठा भाग घरच्यांनाच करायचा असतो.

जखमेत जंतू शिरले की त्यांना गाठून संपवणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या रक्तातच असतात. साखर फार वाढलेली असली की या पेशी मंदावतात. जंतूंपर्यंत उशिरा पोचतात आणि पोचल्या तरी त्यांना नीट मारू शकत नाहीत. मधुमेह जुना असेल तर पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असतात. जखमेच्या कडांना रक्त कमी मिळतं, आणि शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तरी रक्ताशिवाय तिथे कसं जाणार? त्यात पावलांची संवेदना गेलेली असली, तर आत पू होत असतानाही माणूस “काही दुखत नाही हो” म्हणत शांत पडून राहतो. घरच्यांना ते ऐकून बरं वाटतं. खरं तर अशा वेळी काळजी वाटायला हवी.

हाडात प्लेट, स्क्रू किंवा रॉड बसवला असेल तर धोका आणखी वाढतो. साध्या मांसातल्या जखमेचा पू काढला, औषध दिलं, की ती बहुधा भरून येते. धातूवर मात्र जंतू एकदा चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात, विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरावं तसा. त्या थरात औषध पुरेसं शिरत नाही. मग जखम उघडून धुवावी लागते, कधी एकदा तर कधी पुन्हा पुन्हा. कधी प्लेट काढून बाहेरून सळ्या लावाव्या लागतात. हाड जुळायला महिनोन् महिने लागतात, आणि मधुमेही पायाच्या बाबतीत काही वेळा पाय कापण्यापर्यंत पाळी येते. हे करणारा जंतूही बहुतेक वेळा लांबून आलेला नसतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात आणि कातडीवर राहत असतो. पेशंटला, त्याची उशी नीट करणाऱ्या मुलाला आणि भेटायला आलेल्या पाहुण्यालाही त्याची सोबत असू शकते. म्हणून पेशंटला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. सांगायला साधी गोष्ट आहे, पण भेटीच्या वेळी किती जण धुतात ते वॉर्डात उभं राहून पाहा.

एके काळी हाड कातडी फाडून बाहेर आलं म्हणजे पाय कापायचा, नाहीतर जिवावर बेतायचं. १८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टर या सर्जनने गाडीचं चाक पायावरून गेलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडचं ड्रेसिंग केलं. जखम पिकली नाही, हाडही जुळलं. निर्जंतुक शस्त्रक्रियेचा पाया एका मोडलेल्या पायावर घातला गेला. आज ऑपरेशन थिएटरातली स्वच्छता डॉक्टर आणि सिस्टर सांभाळतात. आपल्याला तिथे जायचं नाही. आपलं काम थिएटरच्या आधीचं आणि नंतरचं.

आधीचं काम दवाखान्यात पोचल्यापासून सुरू होतं. अपघाताच्या गडबडीत “गोळी चालू आहे शुगरची, पांढरी बारीक” एवढंच सांगून भागत नाही. घरून कुणाला तरी सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगा. त्यात आयुर्वेदिक चूर्ण असेल, गुडघेदुखीसाठी कुणी दिलेली पुडी असेल, तर तीही आणा. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि त्याने साखर चढते. शेवटची गोळी किंवा इन्सुलिन किती वाजता घेतलं आणि शेवटचं खाणं कधी झालं, हे कागदावर लिहून द्या. पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून दाखवा. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी या गोळ्या साधारण तीन दिवस बंद ठेवतात. हाड मोडल्यावर तेवढा वेळ नसतो, म्हणून डॉक्टरांना ठाऊक असणं जास्तच गरजेचं. या गोळ्यांवर असलेल्या माणसाच्या रक्तात उपासामुळे आम्ल वाढू शकतं, आणि त्या वेळी शुगरचा आकडा फारसा वाढलेला दिसतही नाही. मळमळ, उलट्या, धाप किंवा विलक्षण गळून गेल्यासारखं वाटणं, यांतलं काही दिसलं तर “ॲसिडिटी असेल” म्हणत थांबू नका.

कित्येकांना मधुमेह असल्याचं कळतं तेच मुळी हाड मोडल्यावर, ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचं आढळलं. गोव्यात तर हे प्रमाण प्रौढांमध्ये २६ टक्क्यांच्या वर निघालं, देशात सर्वांत जास्त. तेव्हा “आमच्याकडे कुणाला नाही” या भरवशावर राहू नका. अपघाताच्या धक्क्याने शरीरात अशी रसायनं सुटतात की निरोगी माणसाचीही साखर थोडी चढू शकते, हे खरं. पण खरंच धक्क्याने चढली की आधीपासूनच होती, हे एचबीए१सी तपासणीतून बरंचसं कळतं. आपण तिला तीन महिन्यांची शुगर म्हणतो. आकडा ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर बहुधा मधुमेह आधीपासूनचाच. रक्त चढवल्यानंतर हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून रक्त चढवायच्या आधीच नमुना घेता येईल का, ते विचारा.

गुडघा बदलण्यासारखं ऑपरेशन असेल तर डॉक्टर सांगतात, आधी शुगर उतरवा, मग या. मोडलेलं हाड थांबत नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं लागतं, नाहीतर पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात. मग तीन महिन्यांची शुगर कितीही वाईट असो, ऑपरेशनच्या दिवसाची आणि पुढची शुगर सुधारणं तरी हातात असतं. दवाखान्यात ती साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवायचा प्रयत्न करतात. २०० च्या वर रेंगाळली की जखम पिकण्याचा धोका वाढतो.

त्यासाठी बहुधा इन्सुलिन लागतं, आणि इथेच घरोघरी अडतं. “एकदा इन्सुलिन सुरू झालं की कायमचं मागे लागतं, गोळीवरच भागवा” अशी विनवणी कुणीतरी करतंच. कृपा करून ती करू नका. ऑपरेशनच्या दिवसांत खाण्याच्या वेळा बदलतात, उपास घडतो, साखर तासातासाला हलते. इन्सुलिनचा डोस तसा कमी-जास्त करता येतो, गोळीचा येत नाही. जखम भरली, खाणं रुळलं, की कितीतरी जण पुन्हा गोळ्यांवर येतात. आणि समजा नाही आले, तर त्या माणसाच्या शरीराला इन्सुलिनची गरज आधीच होती. ते नाकारून जखम भरणार नाही.

घोट्याच्या फ्रॅक्चरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मधुमेहात सर्वांत जास्त त्रास तिथे होतो. मांडीच्या हाडाभोवती मांसाचं जाड आवरण असतं. घोट्याला नुसती पातळ कातडी, आणि तिच्याखाली लगेच हाड. फ्रॅक्चरनंतर ती कातडी सुजून तकतकीत ताणली जाते, फोड येतात. अशा कातडीवर चीर दिली तर टाके धरत नाहीत. म्हणून जाणते डॉक्टर स्लॅब घालून पाय उंच ठेवायला सांगतात आणि सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागेपर्यंत थांबतात. कधी त्यात आठवडा जातो, कधी त्याहून जास्त. नातेवाईकांना वाटतं, बिल वाढवतायत. मग पेशंटला उचलून दुसरीकडे नेतात, “आजच्या आज करून द्या” म्हणतात. थांबण्याचं कारण डॉक्टरांना जरूर विचारा. पण सुजेमुळे थांबलेत असं कळलं, तर ते दिवस शुगर उतरवण्यासाठी मिळालेत असं समजा आणि कामाला लागा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साबणाने अंग स्वच्छ धुवून घ्या. पाय वस्तऱ्याने किंवा रेझरने तासू नका, कुणी तासायला आलं तर नम्रपणे विचारा. वस्तऱ्याने कातडीला न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना तिथे घर मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली दिलेल्या सूचनांत दाढीसारखं तासणं नको असं स्पष्ट म्हटलंय. केस काढायचेच असतील तर कातरण्याचं मशीन वापरावं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील, कुठे गळू असेल, लघवीला जळजळ असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता भेटीची वेळ. पेशंटच्या उशाशी असलेल्या लहानशा कपाटावर पाहा. दोन शहाळी, मोसंबीच्या रसाची बाटली, ग्लुकोज बिस्किटांचे पुडे, कुणीतरी प्रेमाने आणलेला शिरा. अशक्तपणा भरून यावा म्हणून दर पाहुणा पेशंटला पेलाभर रस पाजून जातो, आणि संध्याकाळी शुगर २८० आली की सगळे औषधाला दोष देतात. आजाऱ्याला भेटायला जाताना उकडलेली अंडी, भाजलेले फुटाणे, पनीर असं काही न्या. नाहीतर रिकाम्या हाताने जा आणि तासभर जवळ बसून सोबतच्या माणसाला जेवायला सोडा. तीही मोठी मदत आहे.

खाण्याचं पथ्य हा माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज. भात खाल्ला तर जखम पिकते, डाळीने पू होतो, अंडी-मासे उष्ण पडतात, आंबट अजिबात नको. असं एकेक काढत शेवटी पेशंटच्या ताटात चहा-बिस्किट आणि साबुदाण्याची खीर उरते. म्हणजे जखम भरायला जी प्रथिनं लागतात ती सगळी बंद, आणि साखर मात्र चालू. जखमेची नवी कातडी आणि मांस प्रथिनांतूनच तयार होतं. जखम भरून येत असताना ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ७० ते ९० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तेवढीच. यावरून ठरवा, दोन घास वरण-भातावर हे कसं भागणार? मोड आलेली मटकी, उसळ, घट्ट डाळ, अंडी, मासे, चिकन, दही, सोयाबीन, यांतलं जे तुमच्या घरात चालतं ते दर जेवणात असू द्या. भाकरी किंवा भात बंद करायची गरज नाही, माप ठरवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. आणि जखम पिकते ती जंतूंमुळे, वरणामुळे नाही.

घरी आल्यावर ग्लुकोमीटर घ्या, नसेल तर शेजाऱ्याचा मागा, पण सुई आणि पट्टी दर वेळी नवी. घरातल्या एका माणसाने, सुनेने म्हणा किंवा नातवाने, हे काम अंगावर घ्यावं. तपासण्याआधी बोट साबणाने धुवून कोरडं करा. नुकतंच केळं सोललेल्या बोटातून थेंब काढला तर बोटावरची साखर त्या थेंबात मिसळते आणि आकडा भलताच येतो. त्यावरून इन्सुलिन वाढवलं तर घात होईल. सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, असे डॉक्टर सांगतील तितक्या वेळा आकडे वहीत लिहा. साखर कमी होणंही तितकंच वाईट. दरदरून घाम, हात थरथरणं, बडबड, आणि आकडा ७० च्या खाली दिसला, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. वॉकर धरून चालणारा माणूस साखर उतरून पडला तर नुकतंच बसवलेलं हाड पुन्हा निखळेल.

ड्रेसिंग रोज बदललं म्हणजे जास्त काळजी घेतली असं नसतं. कोरडी, झाकलेली जखम उगाच उघडली की तिथे जंतूंना वाट मिळते. कधी उघडायचं ते ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना ठरवू द्या. हळद, कोरफड, राख, टाल्कम पावडर, मेडिकलमधून आणलेलं मलम, यांतलं काही टाक्यांवर नको. अंघोळीला स्टुलावर बसा, पाय प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड वरून चिकटपट्टीने बंद करा. तरी ड्रेसिंग भिजलंच तर त्याच दिवशी बदलून घ्या. टाके इतरांचे दहा ते चौदा दिवसांत निघतात, मधुमेहात घोट्याचे तीन आठवडे किंवा जास्तही ठेवतात. गावातल्या दवाखान्यात “झाले की चौदा दिवस” म्हणून काढून टाकू नका.

पाय दुखत नाही म्हणून टेकवू नका. ही चूक फार होते. संवेदना कमी असलेल्या पायाला प्लेट हलतेय हे कळतच नाही. प्लेट हलली की आतली जागा सैल होते, वरची जखम उघडते आणि जंतूंचं फावतं. म्हणून अशा पेशंटला पाय न टेकवण्याची मुदत बऱ्याचदा इतरांच्या दुप्पट दिलेली असते. पाय उशीवर ठेवताना उशी पोटरीखाली घ्या आणि टाच अधांतरी राहू द्या. टाच गादीवर दाबून राहिली की स्लॅबच्या आत जखम होते, आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. खाज आली म्हणून प्लास्टरमध्ये सुई किंवा फुटपट्टी घालू नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेकू तर मुळीच नका, बधिर पाय भाजल्याचं कळत नाही. दुसऱ्या पायाचा तळवाही रोज आरशात पाहा, कारण सगळा भार आता त्याच्यावर आहे.

तंबाखूबद्दल मी आडपडदा ठेवत नाही. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, मग ते विडीतून येवो, गुटख्यातून येवो किंवा मिशरीतून. “सासूबाई नुसती मिशरी लावतात, तंबाखू खात नाहीत” हे ऐकलं की समजा, जखमेला रक्त कमी मिळतंय. निदान हाड जुळेपर्यंत डबी घरातून बाहेर काढा.

जखम बिघडतेय हे कसं ओळखायचं? पहिले काही दिवस सूज, थोडा गरमपणा असतोच, पण तो दिवसेंदिवस कमी व्हायला हवा. कमी होता होता पुन्हा वाढला, ड्रेसिंग पाझरून ओलं होऊ लागलं, वास आला, कडा सुटल्या किंवा काळवंडल्या, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. हाताची पाठ दोन्ही पायांना लावून पाहा, फरक कळतो. आणखी एक खूण फार थोड्यांना ठाऊक असते. खाणं तेच, औषध तेच, तरी दोन-तीन दिवस शुगर चढत चालली असेल, तर शरीरात कुठेतरी जंतू शिरलेत अशी शंका घ्या आणि आधी जखमेकडे बघा.

अशा वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणू नका. चार गोळ्यांनी ताप दबतो, पू आत चालूच राहतो. मग जखमेतला नमुना तपासायला पाठवला तर कोणता जंतू आहे तेच सापडत नाही, आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. उलट डॉक्टरांनी जो कोर्स दिलाय तो मात्र त्यांना न विचारता अर्धवट सोडायचा नाही. शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच जा. आत कोणती प्लेट आहे आणि कातडी कशी होती, हे त्यांना माहीत असतं.

जखम वरून भरली तरी धातू आत आहे तोवर थोडी जोखीम राहते. जंतू कित्येक आठवडे शांत राहून तीन महिन्यांनी, क्वचित वर्ष उलटल्यावरही, टाक्यांच्या जुन्या रेषेवर बारीकसं छिद्र पाडतात आणि त्यातून थेंबभर पाणी येत राहतं. लोक त्यावर पट्टी चिकटवून कामाला जातात. तसं करू नका. ऑपरेशनची फाईल आणि शुगरची वही घ्या आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन ते छिद्र दाखवा, मग ऑपरेशनला कितीही दिवस झालेले असोत.